व्हीटी-एडीएन : एका टपालविमानाचा कागदोपत्री माग

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईला टपाल आणले, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी तोच प्रवास पुन्हा एकट्याने केला, हेही बऱ्याच जणांना आठवते. दोन्ही वेळी विमान छोटे होते आणि एकाच इंजिनाचे होते. दोन्हींचे पंख वरच्या बाजूला होते आणि दोन्ही ब्रिटनच्या द हॅविलंड कंपनीने बांधलेली होती. साहजिकच लोकांच्या मनात दोन्हींचे मिळून एकच विमान झाले आहे. त्या एका विमानाचा मालक कोण, असे विचारले की उत्तर तयार असते : एअर इंडिया. या छोट्याशा समजुतीत दोन चुका आहेत. एक विमानाबद्दलची, दुसरी मालकाबद्दलची. उपलब्ध कागदांच्या आधारे दोन्ही दुरुस्त करता येतात.

आधी विमान. १९३२ चे यंत्र ‘पस मॉथ’ जातीचे होते. कंपनीच्या भाषेत डीएच ८०. १९८२ चे ‘लेपर्ड मॉथ’, म्हणजे डीएच ८५. लेपर्ड मॉथचा पहिला नमुना मे १९३३ मध्ये उडाला. म्हणजे जे.आर.डी. कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून निघाले तेव्हा जगात एकही लेपर्ड मॉथ अस्तित्वात नव्हते. वादाला इथे जागाच उरत नाही. एखाद्या छायाचित्रात लेपर्ड मॉथ दिसले, तर खालची ओळ काहीही सांगो, ते चित्र १९३२ चे नव्हे.

ओळखायचे कसे? पंख पाहावेत. पस मॉथचा पंख मुळापासून टोकाकडे जवळपास सारख्या रुंदीने जातो, तर लेपर्ड मॉथचा टोकाकडे निमुळता होतो. धडाची बांधणीही वेगळी. पस मॉथचे धड पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणून केलेले, लेपर्ड मॉथचे प्लायवुडचे. आसनांची मांडणीही बदलली. पस मॉथमध्ये वैमानिकाच्या मागे एक, फार तर अडचणीने दोन माणसे बसत. लेपर्ड मॉथमध्ये मागे दोघे शेजारी शेजारी बसू शकत. जिप्सी जातीचे इंजिन मात्र दोन्हींत होते, आधीच्यात १२० अश्वशक्तीचे आणि नंतरच्यात १३०. इंजिनाच्या आवाजावरून ओळख पटवणारे जुने जाणते भेटतात, पण इतिहासाला आवाजाची साक्ष पुरत नाही.

पस मॉथच्या छायाचित्रांत आणखी एक खूण शोधता येते. हे विमान वेगवान आणि देखणे होते, त्या काळच्या विक्रमवीरांचे लाडके होते. ऑगस्ट १९३२ मध्ये जिम मॉलिसन यांनी अटलांटिक पूर्वेकडून पश्चिमेला एकट्याने ओलांडला तो याच जातीच्या विमानातून, म्हणजे टाटांच्या उड्डाणाच्या जेमतेम दोन महिने आधी. पण १९३० ते १९३३ या काळात काही पस मॉथ विमाने हवेतच मोडून पडली. पंख तुटून माणसे गेली. चौकशी झाली, आणि पंखाला आधार देणाऱ्या पुढच्या तिरप्या दांड्याला मधोमध एक आखूड टेकू जोडण्यात आला. हा टेकू छायाचित्रात दिसला तर ते विमान दुरुस्तीनंतरचे समजावे. टाटांच्या सेवेतल्या विमानांची चित्रे लावून ठेवताना ही बारीक काडी तारखेचे काम करते. अभिलेखागारात काम करणाऱ्यांनी मजकूर वाचावा तशी चित्रेही वाचावीत, असे मला नेहमी वाटते. आपल्याकडे ती सवय कमी आहे.

आता अक्षरे. टाटांच्या त्या पस मॉथवर व्हीटी-एडीएन असे नोंदणीचिन्ह होते. भारतात नोंदलेल्या विमानांना ‘व्हीटी’ ही आद्याक्षरे १९२९ पासून लागू झाली. त्याआधी इथली विमाने ब्रिटिश साम्राज्याच्या ‘जी’ या अक्षराखाली ‘जी-आय’ अशा मालिकेत नोंदली जात. ‘व्हीटी’ म्हणजे ‘व्हाइसरॉयज टेरिटरी’, हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकले आहे की संसदेतही त्यावरून गुलामीची खूण पुसण्याची मागणी झाली. कागद वेगळे सांगतात. १९२७ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय रेडिओतार परिषद भरली. तिथे प्रत्येक देशाला रेडिओ-संकेतांचे पट्टे वाटून दिले गेले आणि भारताच्या वाट्याला व्हीटीए ते व्हीडब्ल्यूझेड हा पट्टा आला. शेजारचे व्हीपी, व्हीक्यू, व्हीआर हे ब्रिटनच्या इतर वसाहतींकडे गेले. हाँगकाँगच्या विमानांवर व्हीआर असे, तिथे कोणता व्हाइसरॉय होता? अक्षरांना अर्थ चिकटवणे ही आपली जुनी हौस. मुंबईकराला तर व्हीटी म्हटले की बोरीबंदरच आठवते.

भारताची मालिका एएए पासून सुरू झाली. अक्षरे क्रमाने दिली गेली असे धरले तर एडीएन हा ९२ वा क्रमांक येतो : एए ची २६, एबी ची २६, एसी ची २६, आणि एडी मधले चौदावे. मधली काही अक्षरे गाळली गेली असू शकतात, काही विमाने तोवर मोडीतही निघाली असतील. तरीही अंदाज स्पष्ट आहे. खंडप्राय देशात १९३२ पर्यंत या मालिकेत शंभराच्या आसपासच विमाने नोंदली गेली होती, आणि त्यांत फ्लाइंग क्लबांची शिकाऊ विमाने आणि हौशी संस्थानिकांची खेळणीही आली. टाटांच्या धाडसाचे माप घ्यायला हा आकडा मला कोणत्याही गौरवग्रंथापेक्षा उपयोगी वाटतो.

हीच पद्धत आजच्या विमानाला लावली तर मात्र फसगत होईल. कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे वैमानिक अमोल यादव यांच्या यंत्राला नोव्हेंबर २०१७ मध्ये व्हीटी-एनएमडी हे चिन्ह मिळाले. ती अक्षरे नरेंद्र मोदी आणि देवेंद्र फडणवीस यांच्या नावांवरून मागून घेतलेली होती. आता चिन्ह निवडता येते, त्यामुळे त्यावरून क्रमही कळत नाही आणि काळही. १९३२ चे चिन्ह बोलके आहे, कारण तेव्हा ते मागून मिळवायची चाल रुळलेली नव्हती.

नोंदणीवही म्हणजे विमानाचा सातबारा. कोणते यंत्र, कोणत्या कारखान्याचे, कारखान्याचा क्रमांक काय, कोणाच्या नावावर, कधी चढले, कधी उतरले, हे सगळे तिच्यात असते आणि मालक बदलला की फेरफार पडतो. जमिनीच्या व्यवहारात मुरलेल्या माणसाला पुढची गोष्ट सांगावी लागणार नाही : सातबारा हा मालकी हक्काचा अखेरचा पुरावा मानला जात नाही. नोंदणी प्रमाणपत्राचेही तेच. विमान कोण वापरते आणि त्याची जबाबदारी कोणावर, हे सरकारला कळावे एवढाच त्याचा मूळ हेतू. १९३२ साली हा कारभार १९११ चा भारतीय एअरशिप्स कायदा आणि १९२० चे नियम यांखाली चाले. १९३४ चा कायदा आणि १९३७ चे नियम पुढे आले. १९३४ चा कायदा नव्वद वर्षे टिकला आणि १ जानेवारी २०२५ पासून त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम आला.

सातबाऱ्याखेरीज दुसरे दप्तर असते लॉगबुकांचे. विमानाच्या धडाचे वेगळे, इंजिनाचे वेगळे. इंजिन ठरावीक तासांनी उतरवले जाते, उघडून दुरुस्त होते, आणि परत बसते ते कधीकधी दुसऱ्याच विमानावर. पंख बदलतात, कापड तर दर काही वर्षांनी बदलावेच लागते. मग ‘तेच विमान’ म्हणायचे कशाला? व्यवहारात उत्तर एकच आहे : कारखान्याच्या क्रमांकाची पट्टी ज्या धडावर आहे त्याला. जुनी विमाने विकणारे या पट्टीला इतके का जपतात ते यावरून कळते.

या दप्तरातून साखळी कशी जुळते याचे चांगले उदाहरण परदेशात सापडते. जी-एएझेडपी हे पस मॉथ १९३० साली ब्रिटनमध्ये नोंदले गेले, मग इजिप्तला गेले आणि एसयू-एएसी झाले. महायुद्धात रॉयल एअर फोर्सने ते घेऊन त्याला एचएल-५३७ हा लष्करी क्रमांक दिला. युद्ध संपल्यावर ते पुन्हा जी-एएझेडपी झाले. यंत्र एकच, मालक आणि देश बदलले, नावे तीन. जी-एईओए या दुसऱ्या पस मॉथची सुरुवात युगोस्लाव्हियात यूएन-पीएएक्स या चिन्हाने झाली. त्या देशाची आद्याक्षरे बदलल्यावर तेच वाययू-पीएएक्स झाले, मग ब्रिटनमध्ये आले, युद्धात त्यालाही लष्करी क्रमांक पडला. पस मॉथ ब्रिटनमध्ये २५९ आणि कॅनडात २५ बांधली गेली. त्यातली बोटांवर मोजण्याइतकीच टिकली, आणि टिकलेल्यांच्या कुंडल्या अशा कारखाना क्रमांकाच्या एका दोऱ्यात ओवलेल्या आहेत.

भारतातली नागरी विमानेही युद्धात सरकारने ताब्यात घेतली. त्यामुळे १९३९ च्या आधीच्या कोणत्याही भारतीय विमानाचा माग काढताना नागरी वहीशेजारी लष्करी वही उघडावी लागते. फक्त एक वही पाहून ‘१९४० नंतर विमान नष्ट झाले’ असे लिहिणाऱ्यांनी अनेकदा फक्त नोंद रद्द झाल्याची तारीख पाहिलेली असते.

आता मालक. १९३२ साली एअर इंडिया नावाची कोणतीही कंपनी नव्हती. टपालसेवा चालवत होता टाटा सन्सचा विमानवाहतूक विभाग. मूळ कल्पना नेव्हिल विन्सेंट या दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या माजी ब्रिटिश हवाईदल अधिकाऱ्याची. जे. एस. न्यूअल या सोबत्याबरोबर तो भारतभर विमान घेऊन हिंडला होता, लोकांना पैसे घेऊन आकाशात फिरवून आणत होता. १९२९ पासून तो आणि जे.आर.डी. सरकारला प्रस्ताव देत राहिले. इंपीरियल एअरवेजचे लंडनचे टपाल त्याच वर्षीच्या मार्चपासून कराचीपर्यंत येऊ लागले होते; ते तिथून पुढे मुंबई आणि मद्रासला न्यायचे, एवढीच योजना. घरातही अडथळा होताच. सर दोराबजी टाटा राजी नव्हते, त्यांचे मन वळवले ते संचालक जॉन पीटरसन यांनी. आधी मागितलेले अनुदान सरकारने नाकारले. शेवटी अनुदानाशिवाय, दहा वर्षांच्या मुदतीचा करार एप्रिल १९३२ मध्ये झाला. जून महिन्यात दोराबजी वारले. पहिले उड्डाण त्यांनी पाहिले नाही. सुरुवातीचे भांडवल दोन लाख रुपये, विमाने दोन पस मॉथ आणि जुहूला झापांनी शाकारलेली एक शेड. जुहूची धावपट्टी पावसाळ्यात पाण्याखाली जाई, तेव्हा सगळा पसारा पुण्याला येरवड्याच्या मैदानावर हलत असे.

त्या पहिल्या दिवसाच्या वेळाही तपासून पाहण्यासारख्या आहेत. कराचीहून सकाळी ६.३५ ला प्रस्थान, वाटेत अहमदाबादला इंधन, जुहूला दुपारी १.५० ला आगमन. एकूण सव्वासात तास. कराची ते अहमदाबाद आणि तिथून जुहू हे सरळ अंतर सुमारे ६४० मैल. पस मॉथ ताशी शंभर मैलांच्या आसपास चाले. म्हणजे हवेत साधारण साडेसहा तास आणि उरलेला पाऊण तास अहमदाबादला. हिशेब जुळतो. तिथे बर्मा-शेलचे इंधनाचे डबे बैलगाडीतून आले, ही कथा जो तो सांगतो. पाऊण तासात ती सहज बसते. एक सावधगिरी मात्र हवी. त्या काळी मुंबई शहराची स्वतःची वेळ होती, भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे, आणि १९५५ पर्यंत ती पाळली जाई. आगमनाची वेळ मुंबईच्या घड्याळाची मानली तर प्रवास जवळपास आठ तासांचा होतो आणि विमान नेहमीपेक्षा बरेच सुस्त ठरते. त्यामुळे दोन्ही वेळा प्रमाणवेळेच्याच, असा माझा निष्कर्ष आहे. टपालखाते आणि रेल्वे प्रमाणवेळच वापरत.

जुहूला विन्सेंट वाट पाहत होता. मद्रासचे टपाल घेऊन तो निघाला, रात्री बेल्लारीला थांबला आणि दुसऱ्या दिवशी मद्रासला पोहोचला. या प्रवासाचा सर्वांत सुटसुटीत पुरावा संग्राहकांकडे असतो : पहिल्या उड्डाणाचे लिफाफे. त्यांवरचे टपालशिक्के तारीख सांगतात, मार्ग सांगतात, कधीकधी पोचल्याचा दिवसही सांगतात. पण कोणत्या यंत्राने हे पत्र वाहिले ते लिफाफा सांगत नाही. लिफाफ्यावरून विमान ठरवणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

पहिल्या वर्षाचे आकडे नेहमी दिमाखाने सांगितले जातात : १,६०,००० मैल उड्डाण, १५५ प्रवासी, सुमारे ९.७ टन टपाल, ६०,००० रुपये नफा. हे आकडे मला खरे वाटतात, आणि त्याचे कारण साधा गुणाकार. कराची ते मद्रास सुमारे १,३०० मैल. आठवड्याला एक फेरी जाऊन-येऊन, ५२ आठवडे : १,३५,२०० मैल. उरलेले पंचवीसेक हजार मैल प्रशिक्षणाला, जादा फेऱ्यांना आणि विमाने इकडून तिकडे नेण्याला लागले असणार. हे मैल दोनच विमानांवर वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला वर्षात आठशे तास येतात. हौशी माणसाचे विमान त्या काळी वर्षात शंभर तासही क्वचित उडे. टाटांची पस मॉथ राबती जनावरे होती. अशा यंत्राचे मूळ इंजिन, मूळ कापड, मूळ चाके काही वर्षांनीही टिकली असतील असे कोणी म्हटले, तर विश्वास ठेवू नये. त्या वर्षाच्या वक्तशीरपणाचे सरकारच्या नागरी हवाई खात्याने आपल्या अहवालात मोकळेपणाने कौतुक केले आणि बड्या इंपीरियल एअरवेजला जाता जाता चिमटाही काढला.

मालकीची रांग पुढे अशी सरकते. टाटा सन्सचा विभाग १९३८ साली टाटा एअरलाइन्स या नावाने ओळखला जाऊ लागला. २९ जुलै १९४६ रोजी तो एअर इंडिया लिमिटेड ही सार्वजनिक कंपनी झाला. १९४८ साली परदेशी मार्गांसाठी एअर इंडिया इंटरनॅशनल ही सरकारचा मोठा वाटा असलेली स्वतंत्र कंपनी निघाली. १९५३ साली राष्ट्रीयीकरण झाले, आणि इथेच बहुतेक लेखक घसरतात. त्या वर्षी दोन महामंडळे बनली. परदेशी मार्गांची कंपनी एअर इंडिया इंटरनॅशनल महामंडळात गेली. एअर इंडिया लिमिटेड मात्र इतर सात देशी कंपन्यांबरोबर इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. म्हणजे कराची-मद्रास टपालमार्गाचा व्यवसाय चालवणाऱ्या घराण्याची कायदेशीर वंशावळ इंडियन एअरलाइन्सकडे गेली आणि नाव दुसऱ्या घरात राहिले. २००७ साली दोन्ही पुन्हा एकत्र आल्या, आणि २७ जानेवारी २०२२ रोजी सगळे टाटांकडे परतले. ‘एअर इंडियाचे पहिले विमान’ हा शब्दप्रयोग भावनेला बरोबर वाटतो. कागदावर मात्र १९३२ साली व्हीटी-एडीएन चालवणारी संस्था टाटा सन्स होती, आणि एअर इंडिया हे नाव चौदा वर्षांनी आले.

विन्सेंटचे नाव या वंशावळीत फार लवकर थांबते. जानेवारी १९४२ मध्ये इंग्लंडहून परतताना त्याचे हडसन विमान फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ नाहीसे झाले. टाटांच्या विमानकंपनीबद्दल मराठीत जे छापले जाते त्यात त्याला एखादे वाक्य मिळते. त्याच्या वाट्याला याहून अधिक यायला हवे होते.

विमानाच्या मागाबरोबर त्याच्या वाटेचाही माग काढला जातो; टाटांच्या विमानांशी खानदेशाचा संबंध असा शोधला जातो. नोव्हेंबर १९३७ मध्ये टाटांनी मुंबई-दिल्ली सेवा सुरू केली. थांबे इंदूर, भोपाळ आणि ग्वाल्हेर. नकाशावर मुंबई ते इंदूर सरळ रेघ ओढली तर ती तेव्हाच्या पश्चिम खानदेशातून, धुळे-शिरपूरच्या पट्ट्यावरून सातपुडा ओलांडते.  पण रेघ म्हणजे पुरावा नव्हे. वैमानिक डोंगर टाळत, नदी आणि रेल्वे धरत. ‘आमच्या गावावरून पहिले विमान गेले’ असे म्हणणाऱ्या गावाला तारीख हवी, आणि तारखेला एखादे टिपण हवे. सातपुड्यात अशी टिपणे कोणाकडे असतीलच, तर ती संस्थानी दप्तरांत, वनखात्याच्या नोंदींत किंवा शाळामास्तरांच्या रोजनिशीत असतील.

स्मरणउड्डाणांची परंपरा नंतरही चालू राहिली, आणि नोंदीच्या दृष्टीने ताजी उड्डाणे जुन्यांपेक्षा सोपी आहेत. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईच्या आरोही पंडित यांनी ‘माही’ या पिपिस्ट्रेल सायनस जातीच्या हलक्या विमानातून भूज-अहमदाबाद-जुहू असा प्रवास केला. सुरुवात कराचीऐवजी भूजहून झाली. त्या विमानाच्या नोंदी सहज सापडतात. १९३२ च्या विमानाच्या तशा सापडत नाहीत, म्हणून तिथे पंखाचा आकार, टेकूची काडी, अक्षरांचा क्रम आणि मैलांचा गुणाकार यांचा आधार घ्यावा लागतो.

ज्यांच्या घरी जुने वैमानिक, यांत्रिक, फ्लाइंग क्लबचे सभासद किंवा टपालसंग्राहक होऊन गेले, त्यांना एक विनंती. विमानाचा जुना फोटो चौकटीत बसवण्यासाठी कापू नका. नेमकी कडेची अक्षरे जातात. लिफाफ्यावरचे तिकीट सोलून वेगळे करू नका, शिक्का दोन्हींवर अर्धा-अर्धा असतो. लॉगबुकाची पाने रद्दीत टाकण्याआधी पहिल्या पानावरचा कारखाना क्रमांक तरी उतरून घ्या, आणि फोटोच्या मागे पेन्सिलने माणसांच्या नावांबरोबर विमानाचे चिन्हही लिहा.